मुक्तस्रोत संगणकीय परिसराचे अर्थकारण : हर्णे बंदराच्या निमित्ताने एक विचार

१. प्रास्ताविक

दापोली तालुक्यातील हर्णे हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील मासेमारीचे एक प्रमुख बंदर होय. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवागड हे त्याचे उपदुर्ग, आणि कनकदुर्गाच्या उंचवट्यावर दीपगृह, अशी या स्थळाची रचना आहे. इतिहासाच्या अभ्यासकास येथे दुर्ग दिसतील. अर्थशास्त्राच्या अभ्यासकास मात्र प्रथम दीपगृह दिसावे, कारण सार्वजनिक हिताच्या वस्तूंचा खर्च कोणी सोसावा या प्रश्नाच्या चर्चेत दीपगृहाचे उदाहरण जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ साली आपल्या ग्रंथात दिल्यापासून अर्थशास्त्रज्ञांनी ते कधी सोडलेले नाही.

उदाहरणाचे मर्म असे. ज्या नौकेने शुल्क भरले तिलाच प्रकाश दिसावा आणि इतरांना तो दिसू नये, अशी व्यवस्था दीपगृहास करता येत नाही. तसेच एका नौकेने प्रकाश पाहिला म्हणून दुसरीच्या वाट्याचा प्रकाश कमी होत नाही. लाभ सर्वांना, आणि तो नाकारण्याची सोय नाही. मग स्वखुशीने द्रव्य कोण देणार? यावर मिलने काढलेला निष्कर्ष असा की, हे काम शासनानेच करावयास हवे. पुढे १९७४ साली रोनाल्ड कोस यांनी ब्रिटनमधील दीपगृहांचा इतिहास तपासून दाखविले की, तेथील दीपगृहांचा खर्च सरकारी तिजोरीतून नव्हे, तर बंदरात येणाऱ्या जहाजांवरील शुल्कातून भागविला जात असे. भारतातही १९२७ च्या दीपगृहविषयक कायद्याने बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर दीपशुल्क बसविले. २०२१ साली त्या कायद्याची जागा नौकानयन-साहाय्यक साधनांविषयीच्या नव्या कायद्याने घेतली, तरी शुल्काचे तत्त्व टिकून आहे.

या व्यवस्थेतील एक बारकावा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. शुल्क दीपगृहापाशी वसूल होत नाही, ते बंदरात वसूल होते. प्रकाशास पहारा बसविता येत नाही. परंतु जहाजास कोठे तरी थांबावेच लागते, आणि जेथे ते थांबते तेथे त्याच्याकडून वर्गणी घेता येते. संगणकाच्या क्षेत्रातील ज्या आज्ञावल्यांची मूळ संहिता सर्वांना खुली असते, त्यांच्या अर्थसाहाय्याचा प्रश्न याच स्वरूपाचा आहे. अशा आज्ञावल्यांना 'मुक्तस्रोत' ही संज्ञा आता रूढ झाली आहे. त्यांचे 'बंदर' कोठे आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. 'परिसर' म्हणजे काय?

केवळ संगणकभाषा आणि आज्ञावली-लेखनाचा परिसर यांत भेद केला पाहिजे. भाषा म्हणजे व्याकरण व शब्द. परिसर म्हणजे ती भाषा राबविणारे यंत्रणेतील भाग, चुका शोधण्याची साधने, आलेख काढण्याची सोय, दस्तऐवज, आणि विशिष्ट कामांसाठी इतरांनी लिहून ठेवलेले आज्ञासंच, या सर्वांचा मिळून झालेला संसार. प्रत्यक्ष काम करणारा मनुष्य भाषेत नव्हे, परिसरात राहतो.

विवेचनासाठी संख्याशास्त्रातील 'आर' या परिसराचे उदाहरण घेऊ. कारण मत्स्यविज्ञान, कृषिशास्त्र, वैद्यक व अर्थशास्त्र अशा अनेक शाखांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा त्याच्याशी संबंध येतो. बेल प्रयोगशाळेत १९७६ साली जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनी 'एस' ही भाषा सिद्ध केली. तिच्या धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनी 'आर'ची रचना आरंभिली. १९९५ साली ती मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाली. १९९७ साली तिच्या गाभ्याची जबाबदारी घेणारे मंडळ स्थापन झाले व त्याच वर्षी आज्ञासंचांचे सार्वजनिक भांडार उघडले. २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. आरंभी त्या भांडारात जेमतेम डझनभर आज्ञासंच होते. आज त्यांची संख्या वीस हजारांच्या वर गेली आहे. विद्यापीठातील दोन अध्यापकांच्या शिक्षणविषयक गरजेतून निघालेली ही वस्तू आता औषधनिर्मिती, विमा व शासकीय सांख्यिकी यांसारख्या व्यवसायांचे नित्याचे साधन झाली आहे. अध्यापनासाठी पुरेशी असलेली वस्तू व्यवसायासाठी पुरेशी होईलच असे नाही. आणि हा जो मधला पल्ला आहे, त्याचाच खर्च कोणी करावा हा खरा वादाचा मुद्दा आहे.

३. व्यावसायिक उपयोगाच्या अपेक्षा : एक उदाहरण

हर्णे येथे मासळी प्रत्यक्ष किनाऱ्यावर उतरते आणि तेथेच तिचा लिलाव होतो. नौका खोल पाण्यात नांगरून राहतात. मासळी लहान होड्यांतून व उथळ पाण्यात उतरलेल्या बैलगाड्यांतून वाळूवर आणली जाते. समुद्रात विखुरलेल्या नौकांची मोजदाद अशक्य असली, तरी त्या सर्वांचा माल अखेर या एका पट्ट्यावर येत असल्यामुळे येथे नोंद शक्य होते. देशाच्या सागरी मत्स्योत्पादनाचे अंदाज याच तत्त्वावर आधारलेले आहेत. १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्तरित बहुटप्पी यादृच्छिक नमुना-पद्धतीने उतरणी-केंद्रांवरील निवडक दिवशी निवडक नौकांची नोंद घेते व त्यावरून एकूण उत्पादनाचे अनुमान करते.

आता समजा, एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने ३०० नौकांच्या यादीतून ३० नौका यादृच्छिक रीतीने निवडावयाचे ठरविले. त्याने 'आर'मध्ये एक बीजांक दिला, निवड केली, आणि आपल्या प्रबंधात तो बीजांक नोंदविला. हेतू हा की, परीक्षकास तीच निवड पुन्हा करून पाहता यावी. हे काम २०१८ साली झाले असेल, आणि परीक्षकाने २०२० साली नव्या आवृत्तीवर तोच बीजांक दिला असेल, तर त्यास निराळ्याच ३० नौका मिळतील. विद्यार्थ्याने लबाडी केलेली नाही; परीक्षकाचेही काही चुकलेले नाही. एप्रिल २०१९ मध्ये निघालेल्या ३.६.० या आवृत्तीत यादृच्छिक निवडीची रीतच बदलण्यात आली.

बदलाचे कारण योग्य होते. जुन्या रीतीत, यादी अतिशय मोठी असल्यास, सर्व घटकांना सारखी संधी मिळत नाही, हे केली ओटोबोनी व फिलिप स्टार्क या अभ्यासकांनी दाखवून दिले. तीनशे नौकांच्या यादीत हा दोष नगण्य आहे. कोट्यवधी घटकांच्या यादीत तो नगण्य राहत नाही. मूळ संहिता खुली असल्यामुळेच बाहेरच्या अभ्यासकांना दोष नेमका कोठे आहे ते सांगता आले व तो दुरुस्त झाला. बंद आज्ञावलीत असा दोष वर्षानुवर्षे कोणाच्याही दृष्टीस न पडता राहू शकतो. तथापि जुनी निवड पुन्हा मिळावी यासाठी जुनी रीत मागवून घेण्याची सोय नव्या आवृत्तीत ठेवणे, बदलाची स्पष्ट सूचना देणे, आणि त्याचे दस्तऐवज लिहिणे, एवढी कामे कोणाला तरी करावी लागली. ती झाली म्हणूनच वरील परीक्षकास, योग्य आज्ञा दिल्यास, मूळच्याच ३० नौका आजही मिळू शकतात.

या एका उदाहरणावरून व्यावसायिक उपयोगाच्या अपेक्षा स्पष्ट होतात. पहिली, उत्तर बरोबर असावे. दुसरी, तेच उत्तर पाच वर्षांनीही मिळावे. तिसरी, आज्ञावली कशी वागते याचा लेखी पुरावा असावा. चौथी, दोष आढळल्यास तो कोणाकडे न्यावयाचा व किती दिवसांत निवारला जाईल याची काही शाश्वती असावी. यांपैकी पहिली अपेक्षा संशोधकाच्या जिज्ञासेतून आपोआप पुरी होण्याचा संभव असतो. उरलेल्या तीन मात्र कंटाळवाण्या, कीर्तिहीन आणि न संपणाऱ्या कामावर अवलंबून असतात.

४. खर्च कोठे होतो?

येथे दीपगृहाचे उदाहरण थोडे अपुरे पडते. दीपगृह एकदा बांधले की समोरचा समुद्र तोच राहतो. आज्ञावलीचे तसे नाही. तिच्या खालची जमीनच सरकत असते: संगणकाचे प्रक्रियक बदलतात, कार्यप्रणाली बदलतात, ज्या इतर आज्ञासंचांवर ती उभी असते तेही बदलतात. एक अक्षरही न बदललेली आज्ञावली काही वर्षांनी चालेनाशी होते, याचे कारण हेच.

या दृष्टीने दीपगृहापेक्षा हर्णेच्या नौकेची उपमा अधिक समर्पक ठरेल. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. या दोन महिन्यांत नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यांची डागडुजी होते, रंगरोगण होते, जाळी दुरुस्त केली जातात. हे दिवस मिळकतीचे नव्हेत, खर्चाचे होत. परंतु ते वगळले तर पुढील हंगामात नौका पाण्यात टिकणार नाही, हे प्रत्येक नाखवा जाणतो. आज्ञावलीच्या क्षेत्रात हा पावसाळा वर्षभर चालू असतो, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरण्याची प्रथा मात्र अद्याप पडलेली नाही. नवी नौका बांधण्यास अनुदान मिळते. जुनी शाकारण्यास मिळत नाही.

'आर'च्या भांडाराचा नियम पाहिला असता ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. तेथील प्रत्येक आज्ञासंचास एक परिरक्षक असावा लागतो. भांडारातील सर्व संचांची नियमितपणे तपासणी होते. एखादा संच नव्या परिस्थितीत नापास झाला आणि परिरक्षकाने मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर तो संच भांडारातून काढून अभिलेखागारात टाकला जातो. नियम कठोर पण आवश्यक आहे. मात्र त्याचा परिणाम असा की, एखादा अध्यापक निवृत्त झाला, एखाद्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती संपली किंवा त्याने नोकरीचे क्षेत्र बदलले, की त्याच्या संचावर अवलंबून असलेल्या सर्वांचे काम संकटात येते. मत्स्यसाठ्याचे अनुमान लांबीच्या वारंवारतेवरून करण्याच्या ज्या पद्धती उष्णकटिबंधीय मत्स्यविज्ञानात रूढ आहेत, त्या 'ट्रॉपफिशआर' या आज्ञासंचाद्वारे 'आर'मध्ये उपलब्ध झाल्या. बांगड्याची वाढ व मृत्युमान यांचा हिशेब करणाऱ्या कोकणातील विद्यार्थ्यास त्याचा उपयोग आहे. तो संच लिहिणारे मोजके संशोधक दूरच्या देशांतले आहेत. त्यांच्या वेळेचा खर्च येथील कोणताही विभाग देत नाही.

सांगण्याचा आशय असा की, मुक्तस्रोत वस्तूची नक्कल करण्यास खर्च शून्य असतो, तिच्या परिरक्षणास नव्हे. या दोहोंचा घोटाळा केल्यामुळेच 'मुक्त' याचा अर्थ 'फुकट' असा घेतला जातो.

५. द्रव्याचे मार्ग

आता प्रत्यक्षात कोणकोणते मार्ग चोखाळले गेले आहेत ते पाहू. प्रत्येकाच्या बाबतीत एकच प्रश्न विचारावयाचा आहे: यात 'बंदर' कोणते? म्हणजे, वापरणारा कोठे थांबतो की जेथे त्याच्याकडून वाजवी वाटा घेता येईल?

(अ) शासकीय अनुदान. महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'फॉसी' प्रकल्पाचे आहे. माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानांतर्गत केंद्र सरकारच्या साहाय्याने २००९ च्या सुमारास त्याचा प्रारंभ झाला. आरंभी भर 'सायलॅब' व 'पायथन' यांवर होता. पुढे 'आर'सह अनेक साधनांचा त्यात समावेश झाला. या प्रकल्पाची एक योजना विशेष उल्लेखनीय आहे. प्रमाण पाठ्यपुस्तकातील सोडविलेली उदाहरणे विद्यार्थ्याने मुक्तस्रोत भाषेत लिहून काढावयाची, ती तपासली जावयाची, व स्वीकृत झाल्यावर विद्यार्थ्यास मानधन व प्रमाणपत्र द्यावयाचे. यात द्रव्य अल्प, परंतु ते नेमके त्या दुर्लक्षित कामावर, म्हणजे दस्तऐवजावर, खर्च होते. त्याच संस्थेत सिद्ध झालेली 'ऑसडॅग' ही आज्ञावली पोलादी बांधकामाचे अभिकल्प २००७ च्या भारतीय मानकानुसार करते. अभियंत्यास केवळ गणित नको असते, मानकाशी जुळणारे गणित हवे असते. आणि भारतीय मानकाची काळजी परदेशी स्वयंसेवक घेणार नाही हे उघड आहे. येथे बंदर म्हणजे राजकोष: कर सर्वच देतात. दोष असा की, अनुदान मुदतीचे असते आणि परिरक्षण बेमुदत.

(आ) सभासद-संघ. फ्रान्समधील शासकीय संशोधनसंस्थेत जन्मलेल्या 'सायलॅब'साठी २००३ साली उद्योग व विद्यासंस्था यांचा वर्गणीदार संघ स्थापन झाला; २०१० साली त्याचे स्वतंत्र कंपनीत रूपांतर झाले, व २०१७ साली ती कंपनी एका मोठ्या उद्योगाने विकत घेतली. 'आर'साठी २०१५ साली असाच संघ स्थापन झाला. सभासद कंपन्यांच्या वर्गणीतून तो सामायिक कामांस साहाय्य देतो. आज्ञासंचांची तपासणी निरनिराळ्या यंत्रांवर करून देणाऱ्या सेवेसाठी त्याच वर्षी त्याने ८५,००० डॉलर मंजूर केले. पुढे याच संघाच्या विद्यमाने अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेकडे 'आर'मध्ये केलेल्या विश्लेषणाचा प्रायोगिक अर्ज २०२१ साली सादर करण्यात आला, व त्याची सामग्री सर्वांस खुली ठेवण्यात आली. येथे बंदर म्हणजे नियामकाचे द्वार. प्रत्येक औषधकंपनीस तेथे थांबावेच लागते. म्हणून त्या द्वारापर्यंतचा रस्ता सर्वांनी मिळून बांधणे त्यांना परवडते.

(इ) सेवेचे उत्पन्न. मुंबईत २००८ साली स्थापन झालेल्या 'फ्रॅपे' या कंपनीची 'ईआरपीनेक्स्ट' ही व्यवसाय-व्यवस्थापनाची आज्ञावली आणि ती ज्यावर उभी आहे तो 'फ्रॅपे' आज्ञावली-परिसर, दोन्ही मुक्तस्रोत आहेत. कोणीही ती उतरवून घेऊन आपल्या यंत्रावर चालवू शकतो. परंतु यंत्राची निगा, आवृत्ती बदलणे, अडचणीत साहाय्य, ही कामे ज्यांना स्वतः करावयाची नसतात ते कंपनीस मोबदला देतात. येथे बंदर म्हणजे यंत्रगृह: आज्ञावली मुक्त असली तरी ती कोठे तरी चालवावी लागते. हा मार्ग स्वावलंबी आहे. तथापि ज्या साधनांचा वापर संशोधक आपल्याच संगणकावर करतो, त्यांना तो सहसा लागू पडत नाही.

(ई) लोकवर्गणी व दान. त्रिमितीय चित्रणाच्या 'ब्लेंडर' या आज्ञावलीची मूळ संहिता तिच्या धनकोंकडून सोडवून घेण्यासाठी २००२ साली उपयोगकर्त्यांनी काही आठवड्यांतच १,००,००० युरो जमविले. हा लोकवर्गणीचा विजय खरा. परंतु ती वर्गणी एका प्रसंगाची होती, आणि प्रसंगासाठी लोक देतात, नित्यासाठी देत नाहीत. अलीकडे नित्याची सोय करण्याचे प्रयत्न होत आहेत. बेंगळुरूच्या 'झिरोधा' या दलाली-संस्थेने २०२४ साली मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वार्षिक दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. तिचा स्वतःचा व्यवसाय अशाच साधनांवर उभा असल्याची जाणीव त्यामागे आहे. येथे बंदर नाही. दात्याचा विवेक आहे. विवेक थोर, पण तो अंदाजपत्रकात धरता येत नाही.

६. दोन इशारे

वरील मार्गांची तुलना करताना दोन घटना ध्यानात ठेवावयास हव्यात.

पहिली २०१४ सालची. संगणकजालावरील गुप्त व्यवहारांचे संरक्षण करणाऱ्या 'ओपनएसएसएल' या आज्ञासंचात त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' नावाने प्रसिद्ध झालेला गंभीर दोष उघडकीस आला. जगातील बँका, दुकाने व शासने ज्यावर अवलंबून होती त्या या संचास देणग्यांद्वारे वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलर मिळत होते, हे तेव्हा सर्वांस कळले. लाभ घेणारे असंख्य आणि देणारे जवळजवळ नाहीत, या मिलच्या सिद्धान्ताची इतकी तंतोतंत प्रचीती क्वचितच आली असेल. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला. परंतु तो नौका फुटल्यानंतर.

दुसरी घटना उलट प्रकारची. 'आर'च्या भांडाराचे रोजचे चित्र जपून ठेवणारी एक सेवा २०१४ पासून चालू होती. अमुक दिवशी भांडार जसे होते तसेच पुन्हा मिळविण्याची सोय तिच्यामुळे झाली होती. म्हणजे तिसऱ्या विभागात सांगितलेली दुसरी अपेक्षा ती पुरी करीत होती. ती सुरू करणारी कंपनी २०१५ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, आणि सेवा पुढेही विनामूल्य मिळत राहिली. १ जुलै २०२३ रोजी ती बंद करण्यात आली. सूचना आगाऊ देण्यात आली होती, आणि विनामूल्य दिलेली वस्तू थांबविण्याचा देणाऱ्यास अधिकारही आहे. परंतु ज्यांनी आपल्या प्रबंधाची पुनःपडताळणी त्या सेवेच्या भरवशावर ठेवली होती, त्यांना दुसरी व्यवस्था शोधावी लागली.

पहिल्या घटनेत दाता कोणीच नव्हता. दुसरीत एकच होता. दोन्ही स्थिती धोक्याच्या आहेत. अनेक दाते, प्रत्येकाचा वाटा लहान, आणि वसुलीचे ठिकाण निश्चित, ही स्थिती सर्वांत स्थिर होय. दीपशुल्काची रचना नेमकी अशीच आहे.

७. विद्यापीठीय विभागांनी काय करावे?

या चर्चेतून आपल्यासारख्या विभागांस काय घेता येईल? कोणी म्हणेल की, आमच्याकडे द्रव्य नाही. श्रीमंत कंपन्यांनी ते द्यावे. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो पुरता खरा नाही. विभाग व्यापारी आज्ञावल्यांच्या परवान्यांसाठी दरवर्षी द्रव्य देतातच. एखादी मुक्तस्रोत आज्ञावली स्वीकारली की तो खर्च वाचला असे मानले जाते, आणि वाचलेल्या रकमेतील एक पैसाही त्या आज्ञावलीकडे जात नाही. समजा, महाराष्ट्रातील २०० विभागांनी वर्षास प्रत्येकी ५,००० रुपये बाजूस काढले, तर १०,००,००० रुपये जमतात. त्यातून निदान एका होतकरू परिरक्षकाची वर्षभराची सोय होऊ शकेल. प्रत्येकाने दुसरा देईल म्हणून वाट पाहिली तर मात्र शून्य जमते. म्हणून येथेही बंदर शोधले पाहिजे. विद्यापीठाच्या जीवनात संशोधक जेथे थांबल्यावाचून राहत नाही, अशी तीन ठिकाणे दिसतात.

पहिले ठिकाण संशोधन-अनुदानाचा अर्ज. अर्जात उपकरणांच्या देखभालीसाठी तरतूद मागता येते, आणि सूक्ष्मदर्शकाच्या देखभालीस कोणी हरकत घेत नाही. ज्या आज्ञासंचांवर प्रकल्प उभा आहे त्यांच्या परिरक्षणासाठी एक लहानसा ठरीव अंश त्याच शीर्षाखाली मागावा. हा दानधर्म नव्हे, साधनखर्च होय, ही भाषा अंदाजपत्रकात रुजली पाहिजे.

दुसरे ठिकाण प्रबंधाचे सादरीकरण. प्रत्येक प्रबंधासोबत वापरलेल्या परिसराची आवृत्ती, सर्व आज्ञासंचांची नावे व आवृत्त्या, बीजांक, आणि मूळ संहिता जोडणे सक्तीचे करावे. त्यामुळे परीक्षकाचे काम सुकर होईल, आणि विभाग कोणकोणत्या संचांवर अवलंबून आहे याची आपोआप यादीही होईल. कोणत्या दिव्यांच्या आधाराने आपण प्रवास करतो हे ज्ञात नसेल, तर शुल्क कोणास द्यावयाचे हेही ज्ञात होणार नाही.

तिसरे ठिकाण श्रेयांकन. द्रव्याइतकेच श्रमाचेही मोल आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एखाद्या आज्ञासंचातील दोष शोधून दुरुस्ती सुचविली व ती स्वीकारली गेली, किंवा त्याचा दस्तऐवज मराठीत सिद्ध केला, तर त्या कामास प्रकल्पाचे श्रेयांक द्यावेत. पवईच्या मानधन-योजनेने हे दाखवून दिले आहे की, असे काम विद्यार्थी आनंदाने करतात व ते तपासताही येते. अध्यापकाच्या मूल्यमापनातही परिरक्षणाची गणना निबंधलेखनाच्या बरोबरीने व्हावी. अन्यथा नवा संच लिहिणारे पुष्कळ आणि जुना सांभाळणारा कोणी नाही, ही स्थिती कायम राहील.

यांपैकी कोणतीही सूचना अव्यवहार्य नाही. हर्णेपासून काही मैलांवरच्या मुरूड गावचे धोंडो केशव कर्वे यांनी गावाबाहेर मिळवत्या झालेल्या ग्रामस्थांकडून त्यांच्या मिळकतीतील अल्पसा अंश गोळा करून गावाच्या सामायिक हितासाठी 'मुरूड फंड' उभा केला होता. गणिताच्या त्या अध्यापकाने ओळखलेले सत्य साधे होते: ज्या गावाने आपणास वाढविले त्याचा वाटा मिळकतीच्या वेळीच वेगळा काढला, तर तो जड वाटत नाही. ज्या सामायिक साधनांच्या बळावर आपले प्रबंध, निबंध व पदव्या सिद्ध होतात, त्यांच्याशी आपले नाते याहून निराळे नाही.

८. उपसंहार

मुक्तस्रोत परिसर व्यवसायासाठी पात्र करावयाचा, म्हणजे त्याचे दस्तऐवज, त्याची पुनःपडताळणी व त्याचे नित्य परिरक्षण यांची हमी घ्यावयाची. हे काम जिज्ञासेतून आपोआप होत नाही आणि एकरकमी अनुदानातूनही टिकत नाही. त्यासाठी अनेकांची लहान वर्गणी हवी, आणि ती वसूल होण्याचे ठिकाण वापरणाऱ्याच्या नित्याच्या मार्गावर असावयास हवे. अनुदानाचा अर्ज, प्रबंधाचे सादरीकरण आणि श्रेयांकन ही विद्यापीठाची तीन बंदरे होत. ती आपल्या अधिकारात आहेत. त्यांसाठी नव्या कायद्याची वा परकीय दात्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

मत्स्यसाठ्याचे अनुमान, बंदीचा काळ, जाळ्याच्या आसाचा आकार हे निर्णय शेवटी किनाऱ्यावरील माणसांच्या उपजीविकेवर परिणाम करतात. ते ज्या हिशेबावर घेतले जातील तो हिशेब कोणासही पुन्हा करून पाहता यावा, एवढी अपेक्षा हर्णेच्या मच्छीमाराने विद्यापीठाकडून केली तर ती अवास्तव म्हणता येणार नाही. ती पुरी करण्याचा खर्च मोठा नाही. परंतु तो कोणी तरी, नियमितपणे, सोसला पाहिजे.